बँक-इमारतींचा पुनर्वापर (मुंबई, फोर्ट)

जुनी बँक किंवा पेढीची इमारत तिचे मूळ रूप राखून दुरुस्त करणे आणि तीत दुकान, कार्यालय वा उपाहारगृह चालवणे. महाराष्ट्रात असे काम मुख्यतः मुंबईच्या फोर्ट भागात आढळते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाच्या पैशाने मुंबईत बँकांचे पेव फुटले. त्याच दशकात शहराचे पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून एल्फिन्स्टन सर्कल (आताचे हॉर्निमन सर्कल) आकाराला येऊ लागले. तेजी ओसरली, १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. इमारती मात्र टिकल्या.

त्यांची पुढे जी दुर्दशा झाली, तिचे मोठे कारण भाडे हे होते. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली आणि गळके छप्पर दुरुस्त करणेही मालकांना जड जाऊ लागले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागांचे संरक्षण काढून घेतले. बाजारभावाने भाडे मिळण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा कुठे दुरुस्तीचे गणित जमू लागले. जतनाचा विचार करताना ही तरतूद नजरेआड करून चालत नाही. मुंबईची वारसा नियमावली त्याआधीच, १९९५ मध्ये आली होती. वारसा यादीतील दुसऱ्या श्रेणीच्या ‘अ’ गटातील इमारतींत आतले बदल व नवा वापर तिने काटेकोर छाननीच्या अटीवर मान्य केला.

प्रत्यक्ष कामात सर्वांत घातक ठरते ते सिमेंट. मालाड वा पोरबंदर दगडाच्या दरजा सिमेंटने भरल्या की भिंतीतील ओल सांध्यातून बाहेर पडत नाही. ती दगडातूनच वाट काढते, सोबत क्षार आणते आणि दगडाच्या दर्शनी पृष्ठाचे पापुद्रे सुटतात. म्हणून सिमेंट हलक्या हाताने खरवडून दरजा पुन्हा चुन्याने भराव्या लागतात. भिंतीत दडलेल्या लोखंडी तुळया गंजून फुगल्या असतील, तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. तिजोरीखोलीच्या जाड भिंती सहसा फोडू नयेत. ती जागा कोठार म्हणून चांगली कामी येते.

हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टारबक्सचे भारतातील पहिले दुकान उघडले. फोर्टमधल्याच दादाभाई नौरोजी मार्गावर १८९६ च्या नियमाने तळमजल्यावर कमानींची ओवरी सक्तीची होती. पुढे दुकानांच्या पाट्यांनी या कमानी झाकल्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने तेथे पाट्यांना शिस्त लागली. पादचाऱ्यांची ही ओवरी दुकानाच्या मांडणीत गिळली जाणार नाही, ही अट नव्या वापराच्या प्रत्येक परवानगीत सर्वांत आधी असायला हवी.