बोळा आणि उतार

कपडे धुणाऱ्या माणसाला माहूरच्या परिसरात एकच नाव नाही. मराठीत तो परीट, पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडी बोलीत वरठी, तेलंगणाकडून आलेला असेल तर चाकली, आणि सरकारी दप्तरात धोबी. मोगल अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार असलेला व पुढे 1956च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारा हा मुलूख किती भाषांच्या सांध्यावर वसला आहे, याची साक्ष हे चार शब्दच देतात. नाव कोणतेही असो, गावगाड्यात त्याचे स्थान निश्चित होते. बारा बलुतेदारांत त्याची गणना होई, सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्याचे बलुते निघे, आणि लग्नात वरवधूंपुढे पायघड्या घालण्याचा मान मामुलाप्रमाणे त्याचाच असे. मात्र ज्याच्या हातून सुतकाची व बाळंतपणाची वस्त्रे शुद्ध होत, त्यालाच समाजाने शुद्धाशुद्धतेच्या उतरंडीत खाली बसविले, हा अन्याय त्या मानाच्या पायघड्यांखाली झाकण्याजोगा नाही.

या धंद्याची विद्या आपल्याला वाटते त्याहून गहन होती. कोणते वस्त्र कोणत्या घरचे, हे ओळखण्यासाठी परीट बिब्ब्याच्या तेलाची खूण करी. पाण्याने वा खाराने न जाणारी ती काळी खूण म्हणजे त्याची खातेवहीच होय. मळ सोडविण्यासाठी रिठा होता, पापडखार होता, आणि ज्या वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात ‘आइन-इ-अकबरी’ने माहूरची नोंद केली, त्याच वर्णनात लोणारच्या परिसरात साबण व काच यांचे साहित्य मिळते असेही नमूद आहे. खाराच्या पाण्यात भिजविलेले कपडे भट्टीवर रचून वाफवावयाचे, वाफेने सैल झालेला मळ नदीकाठच्या दगडावर आपटून सोडवावयाचा, नंतर नीळ व खळ द्यावयाची, असा तो क्रम. परंतु या सर्व खटाटोपाचा निकाल अखेर वाहत्या पाण्यावर अवलंबून असे, कारण सुटलेला मळ त्याच पाण्यात घोटाळत राहिला तर तो पुन्हा धाग्यात शिरतो. म्हणून परीट आपला दगड पिण्याच्या पाणवठ्याच्या खालच्या अंगास निवडी, आणि तेथेही डबक्यात न उतरता धारेत उभा राही. कपडा धुणे ही निम्मी विद्या. मळके पाणी दूर लावणे ही उरलेली निम्मी.

हीच विद्या घरात मोरीच्या रूपाने नांदत होती. जुन्या घराची न्हाणी बांधताना गवंडी दगडी फरशीला किंचित ढाळ देई, भिंतीच्या तळाशी भोक ठेवी, आणि ते पाणी परसातल्या केळीला व अळूला जाई. उंदीर-घूस येऊ नये म्हणून त्या भोकात चिंध्यांचा बोळा असे. ‘बोळा निघाला आणि पाणी वाहते झाले’ ही म्हण अशाच एखाद्या मोरीत जन्मली असावी, असे मला नेहमी वाटते.

परटाच्या घरातूनच महाराष्ट्राला स्वच्छतेचा सर्वात मोठा उपदेशक लाभला, याचा विसर पडू नये. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले गाडगेमहाराज गावात आले की दिवसा खराट्याने रस्ते व गटारे झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत.

ज्या पिढीने हे सर्व पाहिले, तिच्याच हयातीत धुलाईयंत्र घरात आले, आणि मराठवाड्याला तर ते परके राहिले नाही. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने दूरदर्शनसंचांबरोबर वॉशिंग मशीनही घरोघरी पोहोचविले. या यंत्राने परटाचे हात घरात आणले, त्याची भट्टी आणली, पण नदी आणता आली नाही. स्वयंचलित यंत्रात तिची जागा तळाशी बसविलेला एक लहानसा पंप घेतो, आणि सुताचे पुंजके, खिशातली नाणी, पोलक्याचे हूक जाळीत अडकले की तो हतबल होऊन टाकीत पाणी तुंबते. अशा वेळी वीज व नळ बंद करावा, पाणी कढत असल्यास निवू द्यावे, पुढच्या झडपेखाली पसरट परात ठेवून जाळीचे झाकण हळूहळू सैल करीत पाणी थोडेथोडे घ्यावे, आणि ते संपल्यावरच जाळी काढून धुवावी. अर्धस्वयंचलित यंत्रात तर बहुधा पंपही नसतो; तेथे सर्व भिस्त नळीच्या उतारावर.

माहूरला आमच्या एका आप्तांच्या घरी असेच यंत्र आहे. न्हाणीत नवी गुळगुळीत फरशी बसविल्यापासून त्याच्या तळाशी चार बोटे पाणी राहू लागले. कारागीर दोनदा येऊन नळी बदलून गेला, तरी पाणी जाईना, आणि राहिलेल्या पाण्याला दुर्गंधी येऊ लागली. अखेर घरातल्या वृद्ध आत्याबाईंनी फरशीवर तांब्याभर पाणी ओतले आणि ते कोणीकडे जाते हे उभ्याने पाहिले. पाणी मोरीकडे न जाता यंत्राकडेच परतत होते. नवी फरशी जुनीवरच बसविल्याने मोरीचे तोंड उंच झाले होते. परसात जुन्या घराच्या शहाबादी फरशा पडून होत्या. त्यांतल्या चार आणवून त्यांनी दोन-दोनांच्या थरांवर यंत्र चढविले, नळी सरळ केली, आणि मग ते चार बोटे पाणी गढूळ धारेने मोरीत उतरून परसातल्या अळवाकडे निघून गेले.