महाज्वालामुखी फुटला तर जगाचं काय होईल? एक पुरावा आपल्या कुकडी नदीकाठी

"अमेरिकेतला यलोस्टोन फुटणार, जग संपणार" असे व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर फिरतात. मग वर्गात मुलं विचारतात, "सर, हे खरं आहे का?" म्हणून ही थोडक्यात माहिती.

महाज्वालामुखी म्हणजे काय?

एकाच उद्रेकात १,००० घन किलोमीटरपेक्षा जास्त राख आणि खडक बाहेर टाकणाऱ्या ज्वालामुखीला महाज्वालामुखी म्हणतात. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा टोबा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी असाच फुटला. तिथली जमीन खचली आणि त्या खड्ड्यात आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचं सरोवर आहे.

आपला संबंध काय?

पारनेर तालुक्यातल्या निघोजचे रांजणखळगे आपण पाहिले असतील. ते कोरणाऱ्या कुकडी नदीच्याच काठी, वरच्या बाजूला जुन्नर तालुक्यात बोरी गाव आहे. १९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थराचा अभ्यास केला. थराजवळ आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली. ही राख ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून फार जुनी, यावर मतभेद आहेत. पण ती इथली नाही, ३,००० किलोमीटरहून लांबच्या टोबाकडून आली, असं बरेच अभ्यासक मानतात.

आपल्या जिल्ह्यातला काळा दगड मात्र वेगळा. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून थरावर थर वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. आज महाराष्ट्रात एकही जिवंत ज्वालामुखी नाही.

खरा धोका कशाचा?

लाव्हा आसपासच्या भागापुरताच असतो. राख लांब जाते, पिकं आणि पाणी खराब करते, विमानं थांबवते. २०१० मध्ये आइसलँडच्या एका लहान उद्रेकाने युरोपातली सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली होती.

सगळ्यात मोठा परिणाम गंधकाच्या वायूचा. तो खूप उंच जाऊन बारीक थेंबांचा पडदा बनतो आणि सूर्यप्रकाश अडवतो. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला. तो टोबाच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नव्हता, तरी जगाचं सरासरी तापमान वर्ष-दोन वर्षं सुमारे अर्धा अंश उतरलं. १८१५ मध्ये इंडोनेशियाचाच तांबोरा फुटला आणि १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, धान्य महागलं, भारतातला पावसाळाही बिघडला.

जमीन तापते तेव्हा समुद्रावरचे ढग आपल्याकडे येतात. ऊनच कमी पडलं तर मान्सून कमजोर होतो. पर्जन्यछायेतल्या पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. १९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ल्याचं घरातले बुजुर्ग आजही सांगतात. तेव्हा दुसऱ्या देशांकडे धान्य होतं. महाज्वालामुखी फुटला तर एकाच वर्षी सगळ्यांचीच पिकं बुडतील. मग मिलो पाठवणार कोण?

घाबरायचं का?

नाही. यलोस्टोनचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वीचा. तो पुन्हा होण्याची शक्यता एका वर्षात लाखात एकापेक्षाही कमी मानतात. तिथे भूकंपमापक आणि उपग्रहांची नजर चोवीस तास असते. टोबानंतरही माणूस टिकला. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरम इथे टोबाच्या राखेच्या खाली आणि वरही दगडी हत्यारं सापडली आहेत.

तांबोराएवढे उद्रेक मात्र तुलनेने लवकर होतात. त्यासाठी तयारी म्हणजे गोदामात सांभाळलेलं धान्य, कमी पाण्यावरची ज्वारी-बाजरी आणि गावात अडवलेलं पाणी. ती साध्या दुष्काळातही कामी येते. तेव्हा पुढचा व्हिडिओ आला की पुढे पाठवण्याआधी मुलांना एवढं जरूर सांगा.