ओहोटीच्या वेळी गोराई

चपला काढून हातात घ्या. बोरिवली स्टेशनापासून बेस्टच्या बसनं खाडीपर्यंत आलात खरे, पण होडीपर्यंतचा चिखल तुमचा तुम्हालाच तुडवायचाय. साल 1988, थंडीचे दिवस. पिशवीत सलीम अलींचं पुस्तक, गळ्यात दुर्बीण. मोबाइल चाचपू नका, सापडणार नाही.

होडीत बूड टेकायला जागा नाही. बाजार उरकून परतणाऱ्या कोळणी, रिकाम्या पाट्या, कुणाची सायकल. डिझेलचा धूर आणि सुक्या मासळीचा वास थेट डोक्यात जातो. शेजारची मावशी तुमच्या दुर्बिणीकडे बघते. "काय बगतंस, पाखरां?" मान हलवा. ती बोटानंच दाखवते: तिकडे.

तिकडे तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलीत. त्यांच्यामधून निवट्या टुणकन उडी मारतो, डोळे वटारून थांबतो, पुन्हा उडी. वंचक मान आखडून बसलाय. तुम्ही त्याला मातीचं ढेकूळ समजलात ना? तो उडाला की पंखांचा पांढराशुभ्र झोत दिसेल. तुतवार शेपटी खालीवर करत काठानं पळतोय. आणि शेकाटे! गुलाबी काड्यांवर उभे राहून उथळ पाण्यात चोच मारताहेत. मोजायला लागा, बघू. पन्नासाच्या पुढे मी दरवेळी चुकतो.

गावात शिरलात की बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, ताडांची सळसळ, चुना फासलेला क्रूस. विहिरीचं पाणी प्या, गोड आहे. ओट्यावर मात्र एकच विषय: खाडीलगत भराव पडतोय, पाळण्यांची मोठी बाग होणार. पोरांना नोकऱ्या मिळतील, असं एक जण म्हणतो. दुसरा विचारतो, खाजण बुजलं तर भरतीचं पाणी जाणार कुठं? चिंबोऱ्या कुठून आणायच्या? बाहेरची माणसं या जमिनीला रिकामी म्हणतात, हे त्याला सगळ्यात जास्त लागलंय. मलाही लागतं. निवट्या बघितलात ना तुम्ही?

1989 मध्ये इथं एस्सेलवर्ल्ड उघडेल, हे तुम्हाला ठाऊक आहे. ओट्यावर बोलू नका.

भरती लागली. पाणी मुळांपर्यंत चढलं तसे शेकाटे उठले, लांब पाय शेपटीमागे सोडून भरावावरून एक गिरकी घेतली, आणि मिठागराकडे वळले. होडीवाला हाका मारतोय. पाय धुवायला वेळ नाही, तसेच चढा.