नाताळचा पसा

मराठी सुशिक्षित घरांत नाताळ हा शब्द सणापेक्षा सुटीच्या अर्थानेच अधिक परिचित आहे. शब्द मूळचा पोर्तुगीज. गोवा-वसईच्या वाटेने तो आपल्याकडे आला, आणि पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्या, न्यायालये व विद्यालये या दिवसांत बंद राहू लागल्यामुळे घरोघर रुळला. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस भरले ते याच सुटीच्या सोयीने. आणि खेड्यात भरलेले तिचे पहिले अधिवेशन, म्हणजे १९३६ चे फैजपूरचे, तेही नाताळच्याच आठवड्यात झाले. त्या दिवसांत पूर्व खानदेशात माणसांचा जो महापूर लोटला होता, त्यांतील कितीजणांच्या मनात सुटीच्या मूळ कारणाचा विचार आला असेल, हा प्रश्नच आहे. सुटी सर्वांची आणि सण थोड्यांचा, अशी ही स्थिती. त्या थोड्यांनी तो सण कसा केला, आणि विशेषतः त्या निमित्ताने कोणी कोणास काय दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम डालीचा उल्लेख केला पाहिजे. कारण ख्रिस्ती नसलेल्या खानदेशी माणसाचा नाताळशी जो काही संबंध आला तो बहुधा डालीच्या द्वारेच. धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन जळगाव हे दुसरे ठाणे झाले, आणि अर्थातच डाली पोहोचविण्याचे बंगलेही वाढले. नाताळच्या सकाळी मक्तेदार, सावकार, इनामदार, हाताखालचे अंमलदार यांच्याकडून फळाफुलांच्या व मेव्यामिठाईच्या पाट्या साहेबांच्या ओट्यावर येऊन पडत. सरकारी नोकरांच्या वर्तणुकीच्या नियमांनी भेटी घेण्यास मनाई केली होती. परंतु क्षुल्लक किंमतीच्या फळाफुलांस सवलत होती, आणि त्या सवलतीच्या आडोशाने ही रूढी दीर्घकाळ टिकून राहिली. डालीस दान म्हणणे हा शब्दाचा अपमान होय. ती देणाऱ्याच्या भयाची किंवा अपेक्षेची पावती होती. तथापि येशूच्या जन्मदिनी दुर्बळाने बलवंतास काही नेऊन द्यावे, हा या सणाचा अर्थ सामान्य जनांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे उभा राहिला, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता खुद्द ख्रिस्ती मंडळ्यांकडे वळू. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. खानदेशात मात्र मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची वाढ बरीच उशिरा, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी झाली. आगगाडी आली तेव्हा भुसावळ हे मोठे जंक्शन बनले. तेथे अँग्लोइंडियन व गोवेकर रेल्वे-नोकरांची वस्ती झाली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची देवळे व त्यांचा नाताळही आला. पण हा नाताळ रेल्वेच्या आवारातला. तारेच्या कुंपणापलीकडील गावाशी त्याचा संबंध बेताचाच. गावांतील मंडळ्या उभ्या राहिल्या त्या दोन अमेरिकन संस्थांच्या हातून. अल्बर्ट सिम्पसन यांनी १८८७ साली स्थापिलेल्या चळवळीतून निघालेल्या अलायन्स मिशनने वऱ्हाडाबरोबर पूर्व खानदेशात काम केले. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश उपदेशकाने १८९० साली शिकागोत स्थापिलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने पश्चिम खानदेशात, विशेषतः नवापूर-नंदुरबारकडील भिल्ल व मावची लोकांत, आपले क्षेत्र निवडले. या दुसऱ्या संस्थेचे नाव १९४९ साली बदलले. या दोन्ही संस्थांस श्रीमंत आश्रयदात्यांचे पाठबळ फारसे नव्हते. उत्तर युरोपातून अमेरिकेत पोटासाठी गेलेले शेतकरी, मजूर व मोलकरणी यांच्या वर्गणीवर फ्रान्सनच्या मंडळ्या चालत. म्हणजे धुळ्याच्या माणसास जो पैसा 'अमेरिकेचा' म्हणून भव्य दिसे, तो मुळात कोणा गरिबाच्याच कनवटीचा होता.

या पैशाची आणि खानदेशची खरी गाठ पडली ती १८९९-१९०० च्या दुष्काळात. गुजरातच्या सरहद्दीवर हा काळ 'छप्पनिया' या नावाने स्मरणात राहिला आहे. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' पत्राचे चालक लुई क्लॉप्श यांनी वर्गण्या गोळा केल्या, आणि १९०० साली 'क्विटो' नावाचे जहाज मक्याने भरून मुंबईस रवाना झाले. मिशनांनी अन्न वाटले, अनाथालये काढली, आणि आईबापाविना उरलेली मुले वाढविली. येथेच तो आक्षेप जन्मास आला, जो आजतागायत मिटलेला नाही : हे धान्य देऊन धर्म विकत घेणे नव्हे काय? आमच्या मते या प्रश्नाचे एकच उत्तर देऊ पाहणारे दोन्ही पक्ष घाई करतात. मरणाऱ्या पोरास भाकरी देणाऱ्याच्या हेतूची चौकशी करण्याइतकी सवड त्या वर्षी कोणास होती, हे आक्षेपकांनी सांगावे. पण भाकरी देणारा व धर्म सांगणारा एकच असला म्हणजे घेणाऱ्याचे स्वातंत्र्य संकोचते, हेही मिशनच्या कैवाऱ्यांनी मान्य केले पाहिजे. या आक्षेपाचा सर्वांत जड भार वाहिला तो मात्र तिसऱ्याच पक्षाने, म्हणजे नव्या ख्रिस्ती कुटुंबांनी. 'धान्यासाठी बाटलेला' हा शब्द त्यांच्या पाठीस चिकटला.

त्यात भर पडली ती नाताळच्या पेटीची. डिसेंबरच्या आधी काही महिने अमेरिकेतील मंडळ्यांच्या स्त्रिया कपडे, बाहुल्या, रंगीत चित्रे, सुईदोरा, साबण अशा वस्तू पेट्यांत भरून पाठवीत, आणि रविवारच्या शाळेतील मुलांस त्या नाताळात वाटल्या जात. मुलांचा आनंद खरा होता, यात शंका नाही. कापसाच्या प्रदेशातील मुलास सातासमुद्रापलीकडून शिवलेला सदरा मिळावा, यातील विनोदही खरा होता. परंतु नाताळ म्हणजे पेटी, व पेटी म्हणजे मडमबाईंचा हात, असे समीकरण बसले की सणाचा यजमान कोण आणि पाहुणा कोण, याचा उलगडा होईना. आपल्या घरच्या सणात आपणच पंक्तीला बसावे व वाढणारा परका असावा, ही स्थिती स्वाभिमानी माणसास फार दिवस रुचत नाही.

हे समीकरण मोडले ते पशाने. हा पसा समजून घ्यावयाचा तर खळ्यावर गेले पाहिजे. मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे महार व मांग समाजांतून आलेली. गावगाड्यात यांची जागा बलुतेदारांची. वेठ व राखण करावी, आणि सुगीत कुणब्याच्या खळ्याच्या कडेला उभे राहून आपला वाटा मागून घ्यावा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हक्काचे धान्यही मागितल्याशिवाय मिळावयाचे नाही, आणि मिळाले म्हणजे ते उपकाराच्या आविर्भावाने मिळावयाचे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, ते याच बंधनाच्या मुळावर घाव घालण्यासाठी. आणि ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. अशा घरातील स्त्री जात्यावर बसण्यापूर्वी दळणातून एक पसा ज्वारी वेगळ्या गाडग्यात टाकते, आणि आठवड्याच्या उपासनेस ते धान्य मंडळीत नेऊन ओतते, तेव्हा काय घडते? घेणारा हात देणारा होतो. तिला कोणी मागितलेले नसते, आणि तिनेही कोणापुढे पदर पसरलेला नसतो. दळणातला पसा म्हणजे रोजच्या अर्ध्या भाकरीचा त्याग. हा हिशेब ज्यांच्या घरी कणग्या भरलेल्या असतात त्यांस चटकन समजावयाचा नाही.

खानदेशात नाताळ येतो तो या दृष्टीने मोठ्या सोयीच्या वेळी. खरिपाची ज्वारी घरात आलेली असते, कापसाची वेचणी चालू असते, शेतमजुराच्या हाती वर्षात प्रथमच चार पैसे खुळखुळत असतात. वांगी भरताला आलेली, कळण्याची भाकरी तव्यावर, आणि मार्गशीर्षी पौर्णिमेला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा व घोड्यांचा बाजार. मिशनच्या उपदेशकांची फिरती याच थंडीच्या दिवसांत चाले, आणि यात्रा-बाजार ही त्यांची आवडती ठिकाणे असत. म्हणून मराठी मंडळ्यांत उपकारस्तुतीचा सण, म्हणजे हंगामाचे आभार मानण्याचा दिवस, बऱ्याच ठिकाणी नाताळच्या आगेमागेच पडतो. ज्याच्याकडे जे पिकते ते तो आणतो : ज्वारीची पायली, तुरीच्या शेंगा, केळीचा घड, भोपळा, कोंबडी, पाचसात अंडी, क्वचित बकरीचे करडू. उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो, आणि त्याची गंमत पाहण्यासारखी असते. एक भोपळा कोणी बाजारभावाच्या चौपट बोली देऊन घेतो, आणि लगेच तो मंडळीस परत देतो. पुन्हा बोली, पुन्हा दान. असा एकच भोपळा तीनचारदा विकला जातो. पाळकांच्या पगारास, देवळाच्या कौलांस, विधवेच्या औषधास असे पैसे जमतात. अर्थशास्त्रज्ञ यास व्यवहार म्हणणार नाहीत. पण पैसा मोजून पाहिला तर तो भरतो.

फराळाचेही तसेच. करंज्या, लाडू, शंकरपाळे यांची ताटे झाकून शेजारी हिंदू-मुसलमान घरी जातात. दिवाळीस व ईदेस आलेल्या ताटांची ती परतफेड असते. पूर्वी ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या घरचे ताट उंबऱ्याच्या आत घेतले जाते की नाही, यावरून गावाचे मन कळे. हा सुधारणेचा इतिहास कोणत्याही अहवालात लिहिलेला नाही.

पशाची ही युक्ती केवळ ख्रिस्ती मंडळ्यांचीच, असे मात्र कोणी समजू नये. पणजीस १९०८ साली स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेचे नावच मुळी घरोघरच्या मूठभर तांदळावरून पडले आहे, आणि ती शाळा त्या मुठीतून उभी राहिली. मिझो मंडळ्यांत स्त्रियांची मूठभर तांदूळ काढण्याची प्रथा १९१० पासून चालत आली आहे. नाताळच्या खास वर्गणीचा दाखला अमेरिकेतही आहे : चीनमध्ये काम करणाऱ्या लॉटी मून या बाईने पत्र लिहून सुचविले, आणि १८८८ साली तिच्या पंथाच्या स्त्रियांनी तीन हजारांहून अधिक डॉलर जमविले. चहूकडे देणाऱ्या स्त्रियाच, आणि हिशेब ठेवणारे बहुधा पुरुष!

देण्याघेण्याच्या या प्रश्नात एका थोर पुरुषाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलास 'बालकवी' ही पदवी दिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे लक्ष तेथे त्या मुलावर गेले, आणि पुढे तो नगरास त्यांच्या घरी राहू लागला. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त त्याच्या आठवणी लिहिल्या आहेत. ख्रिस्ती घरात राहून ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि टिळकांच्या मायेत त्यामुळे काही उणे पडले नाही. ज्यांना मिशनचे प्रत्येक दान म्हणजे गळास लावलेले आमिष वाटते, त्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकाशी बालकवींस आगगाडीखाली मृत्यू आला, आणि पुढल्याच वर्षी ९ मे रोजी टिळकही गेले. मिशनच्या पैशावर हिंदी ख्रिस्ती मंडळी पोसली जाणे टिळकांस सलत असे. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला तो याच वृत्तीने. त्यांचा दरबार फार वाढला नाही. त्यांची पदे मात्र 'उपासनासंगीता'तून खानदेशच्या मंडळ्यांतही नाताळच्या रात्री टाळमृदंगावर गायली जातात.

स्वावलंबनाचा उपदेश मिशनरीही करीत; पण पैसा ज्याच्या हाती त्याचा उपदेश ऐकणारास नेहमी थोडा संशयास्पद वाटतो. उपदेशाने जे झाले नाही ते १९२९ नंतरच्या मंदीने काही अंशी केले. अमेरिकन संस्थांची अंदाजपत्रके आटली. १९४७ नंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्याही हळूहळू ओसरली, आणि देवळे, शाळा, बंगले यांची डागडुजी मंडळ्यांच्या अंगावर आली. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे मिशन-रुग्णालय कालांतराने इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या १९७० साली स्थापन झालेल्या भारतीय संस्थेकडे गेले, आणि ते चालू आहे. पेट्या येण्याचे दिवस केव्हाच सरले. ज्या मंडळ्यांनी पसा धरून ठेवला त्यांस ही ओहोटी सोसली. ज्या पेटीवर विसंबल्या त्यांच्या देवळांची कौले गळू लागली.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला, आणि मिशनचे जुने भिल्ल-मावची क्षेत्र बहुतेक तिकडे गेले. तेथील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस दक्षिण गुजरातेत उतरतात. नाताळच्या सुमारास कारखाने ऐन भरात असतात, मुकादमाची उचल फिटलेली नसते, आणि गावी मागे राहतात ती म्हातारी माणसे व लहान मुले. उपकारस्तुतीचा दिवस पंचांगावर कोठेच बांधलेला नाही, हे त्यांच्या पथ्यावर पडते. ऊसतोड संपून माणसे परतली की मग मंडळीचे वडील तो ठरवितात, आणि तोपर्यंत घरी राहिलेल्या म्हातारीच्या गाडग्यातला पसा साठत राहतो.