नाळ कापण्याची घाई

मागच्या श्रावणात आमच्या कन्येला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेले होते. बाहेरच्या बाकावर मी आणि ऐंशी उलटलेली माझी आत्या. मुलगी झाल्याचे सांगायला परिचारिका आली, तेव्हा आत्याचा पहिला प्रश्न, "वार पडली का गं?"

"पडली, अज्जी. बाळाची नाळसुद्धा तीन मिनिटं थांबून कापली."

"तीनच?" आत्या म्हणाली. "आमची सूलगित्ती वार पडल्याशिवाय नाळेला हात लावायची नाही."

परिचारिका हसून निघून गेली. मी मात्र त्या बोलण्यात अडकलो. ज्या सुईणीला अडाणी म्हणून आपण घराबाहेर काढले, तिचीच एक सवय दवाखान्यात परत कशी आली? दिवाळीच्या सुटीत ग्रंथ चाळत बसलो, त्याचा हा वृत्तान्त.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात क्रम स्पष्ट आहे. निपचित बाळाच्या कानांजवळ दगडावर दगड वाजवावा, तोंडावर पाणी शिंपडावे, त्याला शुद्धीवर आणावे. नाळ त्यानंतर, बेंबीपासून आठ अंगुळे सोडून. वाग्भट चार अंगुळांवर बांधायला सांगतो, पण तोही मूल स्वस्थ झाल्यावर. मनुस्मृतीत मुलग्याचे जातकर्म नाळ कापण्यापूर्वी सांगितले आहे, आणि पुढच्या धर्मशास्त्रकारांनी तर नाळ कापेपर्यंत सोयर लागत नाही, असा निर्वाळा दिला. यावरून 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे भाषण ठोकण्याचा मोह काहींना होईल. तो आवरावा. नाळेतून बाळाला किती रक्त मिळते, याचा हिशेब या ग्रंथांत नाही. थांबण्याची रीत होती, एवढेच म्हणता येते.

हिशेब मांडला तो युरोपात, आणि तोही घाईवरच्या तक्रारीतून. मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट या डॉक्टराने १७७३ मध्येच लिहिले, की मूल जन्मताच नाळ बांधून तोडण्याला रूढीवाचून दुसरा आधार नाही. पुढे उत्क्रांतिवादी डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी आपल्या 'झूनोमिया' ग्रंथाच्या १८०१ च्या आवृत्तीत बजावले, की मूल चांगले श्वास घेऊ लागेपर्यंत आणि नाळेतील ठोके थांबेपर्यंत ती तोडू नये; नाही तर मूल अशक्त राहते. पण ही झाली मते. मोजमाप केले पॅरिसच्या पिएर ब्युदँ यांनी, १८७५ मध्ये. नाळ लगेच बांधली तर वारेत किती रक्त उरते आणि थांबून बांधली तर किती, हे त्यांनी सरळ मोजून पाहिले. फरक निघाला सुमारे नव्वद घन सेंटीमीटरचा. मोठ्या माणसाला हे थोडे वाटेल. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असते, हे लक्षात घेतले म्हणजे या नव्वदची किंमत कळते.

मग विसाव्या शतकात घाई आली कुठून? बाळंतिणीच्या रक्तस्रावाच्या भीतीतून. १९३५ मध्ये इंग्लंडात एर्गोमेट्रीन हे औषध सापडले. गर्भाशय आवळणाऱ्या अशा औषधांनी असंख्य आयांचे प्राण वाचवले आहेत. पण १९६० च्या सुमारास त्यातून एक ठरावीक रिवाज तयार झाला : इंजेक्शन द्यायचे, नाळेला ताबडतोब चिमटा लावायचा, ती ओढून वार काढायची. गुण इंजेक्शनचा होता. चिमट्याची घाई त्याच्या पदराला धरून आत आली. तिची वेगळी परीक्षा घेतल्याशिवाय ती पाठ्यपुस्तकांत पक्की झाली. जास्त रक्ताने कावीळ वाढेल ही भीती होती, आणि बाळाला लवकर टेबलावर घेण्याची सोयही होती.

डॉक्टरांना सगळा दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. वार पडेपर्यंत थांबणारी तीच सूलगित्ती नाळ कापायची घरातल्या विळ्याने. आत्याचा धाकटा भाऊ आठव्या दिवशी गेला. जबडा आवळला, दूध ओढेना. सटवीने नेला, म्हणाले. तो धनुर्वात होता. नवजात बाळांच्या या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, ते लस, स्वच्छ पाते आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांच्यामुळे. सुईणीचा विळा टाकला हे उत्तमच झाले. विळ्याबरोबर तिचे थांबणेही टाकले, इथे चूक झाली.

ती दुरुस्त व्हायला फार काळ लागला. स्वीडनमध्ये २०११ साली ४०० निरोगी बाळांवर परीक्षा झाली. दहा सेकंदांच्या आत नाळ बांधलेल्या बाळांपैकी ५.७ टक्क्यांना चौथ्या महिन्यात लोहाची कमतरता होती; तीन मिनिटे थांबलेल्यांत ०.६ टक्के. थांबण्याने आईचा रक्तस्राव वाढत नाही, हेही अनेक परीक्षांतून दिसून आले. कावीळ मात्र काही बाळांना किंचित जास्त होते व निळ्या दिव्याखाली ठेवावे लागते, हे लपवू नये. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक ते तीन मिनिटे थांबण्याची शिफारस केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तर ही मिनिटे जिवाचीच ठरतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित अभ्यासात आढळले. जन्मल्यावर श्वासच न घेणाऱ्या बाळाची गोष्ट निराळी. तिथला निर्णय डॉक्टरांचाच.

आमच्या शाळेत सोमवारी लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात. मुले तोंड वाकडे करून गिळतात, काही खिडकीबाहेर टाकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांत रक्त कमी आढळले. लोहाचा पहिला साठा बाळाला जन्मवेळी फुकट मिळत होता, आणि तो कित्येक वर्षे आपण वारेबरोबर फेकून दिला. २०१८ च्या 'अॅनिमिया मुक्त भारत' योजनेत नाळ उशिरा कापण्याचा समावेश झाला आहे. तरी बाळंतपणाला नेताना आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. विचारल्याचा राग कोणी मानत नाही.

बारशाच्या दिवशी मी आत्याला विचारले, सूलगित्ती का थांबायची? ती कानडीच बोलायची. नाळेला त्या भाषेत 'होक्कळबळ्ळी' म्हणतात, म्हणजे बेंबीची वेल. "ती वेल बोटांत धरून बसायची," आत्या म्हणाली, "आणि उडायची थांबली की सांगायची, आता विळा आणा."