एकच स्टिअरिंग, दोन पगार : फाटलेल्या कामगारांचा इतिहास

सकाळी बोईसर स्टेशनबाहेर उभे राहिले की तारापूर एमआयडीसी कोणाच्या जिवावर चालते ते दिसते. कंपन्यांच्या बसेस, रसायनांचे टँकर, पार्सलचे टेम्पो, एसटीची गाडी. रस्ता तोच आणि खड्डेही तेच. पण एक ड्रायव्हर कायम असतो, दुसरा कंत्राटदाराचा, तिसरा फेरीवर पैसे घेणारा, तर चौथा अर्धा दिवस बाईकवरून पार्सले पोचवणारा पोरगा. चौघे एकाच टपरीवर चहा पितात, एका युनियनमध्ये मात्र नसतात.

हे असे का झाले, याचे उत्तर आपल्याकडे तयार असते : मालक लबाड आहे. मालक लबाड आहेच. पण आम्हाला आज दुसरा, अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे. कामगारांची ही वाटणी करारावर सही होऊन झाली असेल, तर त्या कागदावर मालकासमोर दुसरी सही कोणाची होती?

गिरणीतला धडा

बोईसरहून गाडीने दोन-अडीच तासांवर असलेल्या परळ-लालबागमध्ये हा प्रश्न बाबासाहेबांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी विचारला. कापड गिरण्यांतले विणकाम खाते चांगल्या पगाराचे, आणि ते अस्पृश्य कामगारांना बंद होते. कारण काय, तर कांडीचा धागा तुटला की तो तोंड लावून ओढावा लागतो, म्हणजे विटाळ होतो. आपले लोक कमी पगाराच्या सूतकताई खात्यात. हा नियम केवळ मालकाचा नव्हता, तो सवर्ण कामगारांनी पाळला होता आणि युनियनने चालवून घेतला होता.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी आग्रह धरला की संपाच्या मागण्यांत विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणीही आली पाहिजे. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाइलाजाने. पुढच्या वर्षी पुन्हा संप पुकारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. यावरून त्यांना 'संपफोडे' म्हणणारे आजही भेटतात. त्यांना आमचे साधे उत्तर आहे : चांगल्या खात्याचे दार बंद ठेवायचे आणि संपाच्या वेळी मात्र 'आपण सारे कामगार एक' म्हणायचे, हा एकीचा नव्हे, वापरून घेण्याचा व्यवहार आहे. बाबासाहेब संपाच्या विरोधात नव्हते. ७ नोव्हेंबर १९३८ चा औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा एक दिवसाचा संप स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने केला, हे त्याचे रोकडे प्रमाण आहे.

जात ही नुसती कामाची विभागणी नाही, ती कामगारांची विभागणी आहे, हा त्यांचा सिद्धांत गिरणीच्या त्या दारावर तपासून घेतलेला होता.

एसटी आणि बेस्ट

आता चाकांकडे येऊ. एसटीच्या पालघर विभागात बोईसर, पालघर, डहाणू, जव्हार, सफाळे असे आगार आहेत. एसटीत वर्षानुवर्षे एकाच गाडीवर वेगवेगळ्या पायरीचे लोक काम करत आले : पूर्ण वेतनश्रेणीचा, कनिष्ठ वेतनश्रेणीचा आणि रोजंदारीवरचा. काम तेच, तिकिटाचा दर तोच, पगार वेगळा.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. विलीनीकरणाची मागणी होती. सरकारने पगारवाढ देऊ केली ती मूळ वेतनात दहा वर्षांपर्यंतच्या नोकरीला ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांना ४,००० आणि त्यापुढे २,५०० अशी. म्हणजे सर्वांत मोठी वाढ सर्वांत खालच्यांना द्यावी लागली. इतकी वर्षे खालच्या पायरीला किती दाबून ठेवले होते, याची ती सरकारी कबुलीच होती. आणि सेवासमाप्तीची कुऱ्हाड आधी कोणावर चालवली? रोजंदारीवाल्यांवर. संप मोडायला रस्त्यावर कोण उतरवले? खासगी एजन्सीचे कंत्राटी चालक.

मुंबईत बेस्टची गोष्ट याहून बोलकी आहे. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कायम कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या समझोत्यात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखाव्यात असे ठरले आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्यांना वाट मोकळी झाली. कायम कामगारांना वाटले, आपण सुरक्षित झालो. पुढे काय झाले? बेस्टच्या मालकीच्या गाड्या २०२५ पर्यंत हजाराच्याही खाली आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या गाड्यांवरील चालकांनी 'समान काम, समान वेतन' म्हणत आठवडाभर संप केला, तेव्हा ती पोकळी भरायला एसटीच्या गाड्या आणल्या गेल्या. दीड वर्षापूर्वी ज्या एसटीचा संप कंत्राटी चालकांकरवी मोडायचा प्रयत्न झाला, तीच आता कंत्राटी चालकांच्या संपाविरुद्ध उभी केली गेली. कामगार फाटला की मालकाला बाहेरून माणूस आणावा लागत नाही.

अमेरिकेतही हेच

कोणी म्हणेल, हे आपल्याच देशाचे दुखणे. नाही. यूपीएस ही जगातली मोठी पार्सल कंपनी आणि टीमस्टर्स ही तिथली बलाढ्य युनियन. १९८२ च्या करारात नव्या अर्धवेळ कामगाराचा सुरुवातीचा दर तासाला ८ डॉलर ठरला. पूर्णवेळ ड्रायव्हर वाचले म्हणून युनियन गप्प राहिली. पंधरा वर्षांनंतरही सुरुवातीचा दर जवळपास तिथेच आणि निम्म्याहून अधिक कामगार अर्धवेळ! अखेर ऑगस्ट १९९७ मध्ये १,८५,००० कामगारांनी पंधरा दिवस संप केला. मुख्य मागणी अर्धवेळवाल्यांना पूर्णवेळ करण्याची. १०,००० पूर्णवेळ जागा मान्य झाल्या.

आणि तरी २०१८ मध्ये तीच चूक पुन्हा झाली. कमी पगाराच्या ड्रायव्हरांचा नवा वर्ग करारात घुसवला गेला. मतदान करणाऱ्या बहुसंख्य सभासदांनी करार नाकारला, पण मतदान निम्म्याहून कमी झाले या नियमाचा आधार घेऊन पुढाऱ्यांनी तो लादला. सभासदांनी पुढच्या निवडणुकीत नेतृत्व बदलले आणि २०२३ च्या करारात तो खालचा वर्ग रद्द करून घेतला. म्हणजे ही पायरी मोडता येते, पण ती आपणच बांधू दिली हे आधी कबूल करावे लागते.

हा आरक्षणाचा प्रश्न आहे

आता आपल्या घरातली गोष्ट. एसटीच्या कायम भरतीला बिंदुनामावली असते, आरक्षण असते. एजन्सीच्या भरतीत यातले काहीच नसते. म्हणून 'कायम' या शब्दाची जागा 'कंत्राटी' हा शब्द घेतो तेव्हा संविधानातला हक्क कोणताही कायदा न बदलता संपतो. ६ सप्टेंबर २०२३ चा बाह्यस्रोत भरतीचा शासननिर्णय तरुणांच्या रेट्यामुळे पुढच्याच महिन्यात रद्द करावा लागला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये एसटीत १७,४५० चालक व सहायक कंत्राटी पद्धतीने घेण्याची घोषणा झाली, तेव्हा तेवढा रेटा दिसला नाही.

का दिसला नाही? आम्ही आमच्यापासूनच सुरुवात करतो. आरक्षणातून कायम झालेला आपला भाऊ जयंतीला सढळ हाताने वर्गणी देतो. पण त्याच्याच आगारातल्या कंत्राटी पोराला, जो बहुतेकदा आपल्याच वस्तीतला किंवा शेजारच्या पाड्यावरचा वारली असतो, तो युनियनच्या सभेला बोलावत नाही. विणकाम खात्याच्या दारात आपले आजोबा बाहेर उभे होते. आज दाराच्या आत कोण आहे आणि बाहेर कोण, हे आपण पाहायला नको का?

'आधी कायम कामगार वाचू द्या, मग कंत्राट्यांचे बघू,' हा युक्तिवाद आम्हाला माहीत आहे. बेस्टने त्याचा निकाल दिला आहे. जो करार खालच्या पायरीला सोडून देतो, तो वरच्या पायरीची मुदत ठरवत असतो.

म्हणून पालघर-बोईसरच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच : पुढचा करार कोणत्याही युनियनचा असो, झेंडा कोणत्याही रंगाचा असो, आधी त्याचे शेवटचे पान वाचा. सर्वांत कमी पगाराच्या माणसाला त्यात काय मिळाले, आणि त्याला मतदानाचा हक्क होता का, हे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर १९२८ साली बाबासाहेबांनी जी अट घातली तीच घाला.

जय भीम!