दांत कोणाच्या हातीं द्यावा?

राज्यें आणि लढाया यांच्या इतिहासांत दांताला जागा नसते. तरी दुखऱ्या दाढेनें घरोघर जितक्या रात्री जागवल्या, तितक्या कोणत्याहि राज्यक्रांतीनें जागवल्या नसतील. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतील धामणगांव बढे, किंवा वऱ्हाडांतील तसलेंच कोणतेंहि मोठें खेडें घ्या, दाढ ठणकूं लागली कीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतें, "वरची दाढ काढूं नका, डोळा जाईल." हें वाक्य अडाण्यांपुरतें आहे असें कोणीं समजूं नये. पदवीधर मंडळीहि तें ऐकून बेत पुढें ढकलतात, लवंग दाढेखालीं धरतात, अक्कलकारा चघळतात, मिठाच्या गुळण्या करतात, आणि गाल सुजल्यावर मग धांवपळ करतात.

या समजुतीचें मूळ शोधूं गेल्यास आपण थेट सुश्रुतसंहितेपाशीं येऊन पोंचतों. तिच्या चिकित्सास्थानांत मुखरोगांच्या उपचारांचा एक अध्याय आहे. हिरडींत नाडीव्रण झाला, म्हणजे आंतून पू वाहूं लागला, तर ज्या दांतापाशीं तो असेल तो दांत उपटून काढावा, असें ग्रंथकार सांगतो. मात्र वरच्या दांताला त्यानें अपवाद केला आहे. घट्ट बसलेला वरचा दांत मुळासकट उपटला तर रक्त अतिशय जाऊन रोग्याचा एक डोळा जातो, किंवा त्याचें तोंड वांकडें होतें. यास्तव हलत असला तरी वरचा दांत वैद्यानें काढूं नये, असा स्पष्ट निषेध तेथें आहे. तेव्हां आजीबाईंचें वाक्य म्हणजे निव्वळ खुळचटपणा नव्हे; एका थोर शल्यवेत्त्याच्या निषेधाची ती शेंकडों वर्षें झिजत आलेली प्रत असावी, असें मला वाटतें.

ज्यानें हा निषेध लिहिला त्यानें तसे रोगी पाहिलेहि असतील. वरच्या दाढेंतील जंतुदोष क्वचित् चेहऱ्याच्या रक्तवाहिन्यांतून डोळ्यामागें, फार काय मेंदूपर्यंतहि जातो, हें आजच्या वैद्यकाला मान्य आहे. परंतु दाढेचा मज्जातंतु निराळा व दृष्टीचा निराळा. धोका उत्पन्न होतो तो सडलेल्या मुळाशीं सांठलेल्या पुवामुळें, किंवा घाणेरड्या हत्यारामुळें. ज्या काळीं जंतु ठाऊक नव्हते आणि रक्त आवरण्याचीं साधनें तुटपुंजीं होतीं, त्या काळीं हात आंखडता घेणें हेंच शहाणपण होतें. तेंच शहाणपण आज शब्दशः पाळल्यास पू आंतच राहतो आणि टाळावयाचा तो अनर्थ ओढवून घेतला जातो.

याच ग्रंथांतील दुसरा उपदेश मात्र आपण पार विसरलों. सर्व शास्त्र पढलेला शिष्यसुद्धां हातानें सराव केल्यावांचून शस्त्रकर्माला अयोग्य, असें सुश्रुत म्हणतो. आणि उपटून काढण्याच्या क्रियेचा सराव फणस, बेलफळ इत्यादींच्या गरावर व मेलेल्या जनावरांच्या दांतांवर करावयास सांगतो. केवळ शास्त्र किंवा केवळ कर्म जाणणाऱ्या वैद्याला त्यानें एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. आणखी पुढें जाऊन तो म्हणतो कीं कुवैद्य लोभानें लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळें. या शेवटच्या विधानाचें मोल फार मोठें आहे. वैद्य निवडण्याचा सगळा भार विव्हळणाऱ्या रोग्यावर टाकून ग्रंथकार मोकळा होत नाहीं. त्यांतला मोठा वांटा तो राज्यकर्त्यावर टाकतो.

प्रत्यक्षांत आमच्या खेड्यांतून निवड होती तरी कोणाची? न्हावी गळूं फोडी, वैदू तुंबडी लावी व जडीबुटी विकी, आणि बाजाराच्या दिवशीं दांतांतली कीड काढून दाखवणारे फिरते लोक येत. दांत किडतो म्हणजे त्यांत खरोखरीचा किडा असतो, ही कल्पना बाबिलोनच्या मंत्रांतहि आढळते. युरोपांत खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी दुखऱ्या दांताला देत. तापलेल्या बिया फुटून आंतले कोंब बाहेर पडत, आणि भाबडे लोक त्यांनाच मेलेले किडे समजत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत या किड्यांविषयीं अविश्वास दाखविला. त्याच्याच काळांत पॅरिसमध्यें पाँ-नफ पुलावर 'थोरला तोमा' नांवाचा धिप्पाड इसम भर गर्दींत लोकांचे दांत उपटी. तेव्हां पश्चिमेकडे सगळे शास्त्रज्ञ आणि इकडे सगळे भोंदू, अशी वांटणी करूं नये. पुण्याकडे कावसजी नांवाच्या गाडीवानाचें कापलेलें नाक कपाळाच्या कातडीनें नवें करून देणारा मनुष्य पोथीपंडित नव्हता, वीटकाम करणाऱ्या जातीचा होता. ती हकीकत १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'नें छापली. एका पंखाचाहि पक्षी कधीं कधीं बराच उडतो, पण त्याच्या भरंवशावर सर्वांनीं बसूं नये.

उघड्यावर दांत काढण्यांत एक सोय मात्र होती. कोणाचा हात हलका, कोणीं जबडा मोडला, हें गांव डोळ्यांनीं पाही. वेदना हीच परीक्षा होती. ही परीक्षा बंद पाडली ती दंतवैद्यांनींच. अमेरिकेंत होरेस वेल्स यानें १८४४ च्या डिसेंबरांत नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. विल्यम मॉर्टन यानें ३० सप्टेंबर १८४६ रोजीं ईथर देऊन एकाचा दांत काढला, व १६ ऑक्टोबरला बॉस्टनच्या रुग्णालयांत तेंच औषध मोठ्या शस्त्रक्रियेला लावून दाखविलें. साऱ्या शस्त्रवैद्यकाला भुलीची देणगी अशी दाढेच्या दुखण्यांतून मिळाली. पुढें १८८४ नंतर कोकेन, १९०५ पासून नोव्होकेन व १९४३ सालीं शोधलेलें लिग्नोकेन यांनीं जागेपुरती बधिरता आणली. परिणाम असा झाला कीं कुशलाच्या व अकुशलाच्या हाताखालीं रोग्याला त्या घटकेला सारखेंच वाटूं लागलें! हत्यार उकळलें होतें कीं नुसतें पुसलें होतें, हें तर दिसतच नाहीं. डोळ्यांनीं होणारी परीक्षा संपली, आणि सुश्रुताच्या राजाला पुढें येणें भाग पडलें.

तो फार उशिरां आला. कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं दंतवैद्यकाचें महाविद्यालय काढलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें १९३३ सालीं निघालें. बंगालनें १९३९ सालीं कायदा केला आणि अखिल भारतासाठीं दंतवैद्य अधिनियम १९४८ सालीं झाला. या कायद्यांत एक मोठी व्यवहारी युक्ति होती. नोंदपटाचे दोन भाग केले: 'अ' भागांत मान्य पदवीचे, आणि 'ब' भागांत पदवी नसली तरी निदान पांच वर्षें याच धंद्यावर पोट भरत आलेले. कलकत्ता-मुंबईकडे बापाकडून मुलाकडे विद्या देणारे चिनी दंतवैद्य होते, ठिकठिकाणीं स्वशिक्षित कारागीर होते. त्या सर्वांना एका रात्रींत गुन्हेगार ठरवलें असतें, तर लोकांना दांत काढावयास जागाच उरली नसती. 'ब' भागाला कित्येकांनीं नांवें ठेवलीं, पण माझ्या मतें तो या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग होय. त्यानें जुन्यांना सामावून घेतलें व नव्या अशिक्षितांना दार लावलें. नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय निघावयास १९६८ साल उजाडलें. २०२३ सालीं संसदेनें या जुन्या कायद्याच्या जागीं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला.

नोंद आहे किंवा नाहीं, हें विचारण्यांत संकोच कसला? सोनाराला आपण कस विचारतोंच. पण नोंद ही पहिली पायरी. चांगला मनुष्य चिमटा उचलण्यापूर्वीं मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या यांची चौकशी करतो, क्ष-किरणांचें चित्र पाहतो, आणि दांत वांचण्यासारखा असल्यास तसें सांगतो. जो येतां क्षणींच 'काढून टाकूं' म्हणतो त्याच्याविषयीं मला शंका येते. मिसरी लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाचा एखादा दांत अकारण हलूं लागला आणि शेजारीं न भरणारी जखम असली, तर तो दांत नुसता उपटणें हा घातच. तेथें आधीं कर्करोगाची तपासणी झाली पाहिजे.

साध्या दाढेला गांवाजवळचा पदवीधर दंतवैद्य पुरतो. मुखशल्यविशारदाकडे जावें तें आडवी अडकलेली खालची अक्कलदाढ ओठाच्या मज्जातंतूला भिडली असेल तेव्हां, किंवा मूळ तुटून आंत राहिलें असेल तेव्हां. वरच्या दाढेंतहि एक खरी अडचण असते. तिचीं मुळें गालाच्या हाडांतील हवेच्या पोकळीला लागून असतात, व कधीं कधीं दाढेबरोबर तेथें भोंक पडून चूळ भरतांना पाणी नाकांतून येतें. तें भोंक शिवून बंद करतां येतें. गळ्याखालीं सूज उतरून गिळणें वा श्वास जड झाला, तर मात्र निवड करीत बसूं नये. त्याच रात्रीं गाडी करून मोठें रुग्णालय गांठावें.